गाडीचं युनिट कितव्या नंबरचं?

विजेच्या गाडीच्या हिशेबासाठी घेतलेल्या ॲपने पहिलाच प्रश्न विचारला, ‘होम रेट?’ खाली रिकामा चौकोन, त्यात जेमतेम एक आकडा मावेल एवढी जागा आणि कडेला युरोचं चिन्ह. युरोचा रुपया करणं सोपं होतं. सेटिंगमध्ये जाऊन देश बदलला की काम झालं. पण आकडा काय टाकायचा? आमच्या घरी एक युनिट वीज कितीला पडते, हे मला सांगता येईना. आणि मी काही हिशेबात कच्ची नव्हे. पतसंस्थेतून लेखापाल म्हणून निवृत्त झालेली बाई आहे. ताळेबंदात दहा पैशांचा फरक येतो म्हणून रात्री उशिरापर्यंत शाखेत थांबलेली आहे.

भाची फोनवर म्हणाली, “मावशी, एवढं काय त्यात? बिलाची रक्कम भागिले युनिट. जे येईल ते टाक.” ती पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, तिच्याकडे गाडी नाही आणि विजेचं बिल घरमालक भरतो. तिने तसं म्हणणं स्वाभाविकच होतं.

आमची गाडी लहान आहे. बॅटरी २४ युनिटांची. ॲप त्याला २४ किलोवॅट-अवर म्हणतं. ते आणि आपलं मीटरवरचं युनिट एकच, हे मला घरातूनच कळलं. ह्यांची नोकरी नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात झाली, त्यामुळे आमच्याकडे वीज हा विषय निघाला की लवकर मिटत नाही. सोसायटीच्या मीटरखोलीतून, आमच्याच मीटरवरून, खाली पार्किंगमध्ये वायर ओढून घेतली, १५ अँपिअरचा सॉकेट बसवला आणि त्याच्या अलीकडे एक छोटा सबमीटर लावला. सबमीटर ही माझी अट. सेक्रेटरींची अट वेगळी होती: वायर पाइपातून न्यायची आणि पाइपाला भिंतीचाच रंग द्यायचा. दोन्ही अटी पाळल्या.

पेट्रोलच्या गाडीला पंपावर पावती मिळायची. लिटर, दर, रक्कम. वहीत टाचून ठेवली की विषय संपला. विजेच्या गाडीची पावतीच येत नाही. तिची वीज घरच्या बिलात विरघळून जाते. फ्रिज, गिझर, मिक्सर आणि ह्यांच्या रात्रभर फिरणाऱ्या पंख्याबरोबर. गाडी आल्यावर बिल दुप्पट झालं. हे म्हणाले, “पेट्रोल वाचलं ना?” वाचलं हो, पण किती? हा प्रश्न मी भाचीला विचारला आणि तिने ते ॲप माझ्या फोनमध्ये घातलं.

ॲप परदेशातलं होतं. दिसायला देखणं. चार्जिंग कुठे केलं ते विचारायचं: घरी, कामाच्या जागी, सार्वजनिक ठिकाणी की फुकट. फुकटसाठी वेगळं हिरवं बटण होतं. सुरू करताना बॅटरी किती टक्के होती, संपताना किती, किती युनिटं गेली, गाडीचा आकडा किती किलोमीटरवर आहे, बाहेर हवा किती अंश. गाडीच्या कंपनीचं खातं जोडलंत तर हे सगळं आपोआप येईल, असंही सांगत होतं. त्यासाठी मी कुठे कुठे जाते हे त्याला सतत दिसायला हवं होतं, आणि माझ्या फोनमधले सगळे नंबरही. नंबर कशाला, हे भाचीलाही सांगता आलं नाही. मी हाताने लिहायचं ठरवलं. खर्चाच्या यादीत ‘इंजिन ऑइल’ हा रकाना होता, तो काढता येत नव्हता. तो तसाच रिकामा बसून आहे.

तर दर. मी वीजबिल काढलं आणि उलटं करून मागची बाजू वाचायला घेतली. बिलाची ही बाजू इतकी वर्षं मी कधी वाचली नव्हती, आणि माझ्या ओळखीत कुणी वाचली असेल असं वाटत नाही. महावितरणचं २०२४-२५चं घरगुती दरपत्रक असं होतं: पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५००च्या पुढे १६ रुपये ६४ पैसे. हा झाला नुसता वीज आकार. त्यावर प्रत्येक युनिटाला १ रुपया १७ पैसे वहन आकार. मग स्थिर आकार, महिन्याप्रमाणे बदलणारा इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. शंभरावं युनिट आणि एकशेएकावं युनिट यांच्यात दुपटीचा फरक. तारेतून येणारी वीज तीच, खांब तोच, मीटरही तोच.

आता घरात महिन्याला साधारण १८० युनिटं लागायची. गाडीची सबमीटरवर १३० येत होती. एकूण ३१०. यातली गाडीची १३० कुठली? पहिली, मधली की शेवटची?

ह्यांचं म्हणणं सरळ होतं. “गाडी घरात शेवटी आली. ती नसती तर स्थिर आकार आणि ते इंधन समायोजन सोडून बिल १,७४६ झालं असतं. आता ३,५२३ झालं. मधला फरक गाडीचा. १,७७७ रुपये. भागिले १३०. १३ रुपये ६७ पैसे युनिट. टाक ते.”

मला ते पटेना. पतसंस्थेत मुख्य कार्यालयाचा खर्च शाखांवर वाटायचो तेव्हा नवी शाखा उघडली म्हणून वाढलेला सगळा खर्च तिच्या एकटीच्या माथी मारत नव्हतो. मी म्हटलं, “अहो, पंगतीत शेवटी येऊन बसला म्हणून त्याच्याच पानाला जास्त पैसे लावायचे का? शंभराच्या पुढे आपल्याला गाडीने नाही नेलं, गिझरने नेलं. गाडी यायच्या कितीतरी आधी.” माझ्या पद्धतीने सगळ्यांना सारखा दर, ११ रुपये ३७ पैसे. गाडीचे महिन्याचे १,४७७ रुपये.

“मग गिझरला शेवटचा दर लाव,” हे म्हणाले. हे त्यांनी चेष्टेत म्हटलं, पण मी ते करून पाहिलं. गाडीला पहिल्या पंगतीला बसवलं, घराला नंतर. तेव्हा गाडीचं युनिट ८ रुपये ३१ पैशांवर आलं आणि महिन्याचा खर्च १,०८१ वर. त्याच गाडीचा, त्याच महिन्याचा, त्याच बिलातला. रस्त्यावर धावलेले किलोमीटर साधारण ८८०. म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया, किंवा एक रुपया अडुसष्ट पैसे, किंवा दोन रुपये. कुठलंही खोटं नाही. ऑडिटरने विचारलं असतं तर तिन्ही मी सही करून दिले असते.

ॲपला यातलं काही नको होतं. त्याला चौकोनात एक आकडा हवा होता. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या देशात पहिल्या युनिटाला आणि तीनशेव्या युनिटाला बहुधा एकच दर असावा, म्हणून त्यांना हा प्रश्नच पडला नाही. त्यातही गंमत अशी की हिवाळ्यात नाशिकला कडाक्याची थंडी पडली, गिझर दोन वेळा चालू लागला, घराची युनिटं वाढली, तर ह्यांच्या पद्धतीने गाडीचा दर वर जातो. गाडीने काहीही केलेलं नसतं. मे महिन्यात कूलर लागला की पुन्हा तेच.

शेवटी मी ह्यांचा आकडा टाकला, तेही कुरकुरत. कारण आमचा मूळ प्रश्न पेट्रोल वाचलं किती हा होता, आणि त्या प्रश्नाला गाडीमुळे बिल किती वाढलं हेच उत्तर लागतं. घरखर्चाच्या वहीत मात्र मी सरासरीच लिहिते. जुनी गाडी लिटरला पंधरा किलोमीटर द्यायची, पेट्रोल शंभरीच्या पुढे गेलेलं. ८८० किलोमीटरला सहा हजारांच्या वर गेले असते. १,७७७ धरा नाहीतर १,०८१, गाडी स्वस्तच पडते. मग एवढा वाद कशाला, असं ह्यांनी विचारलं. वादाला कारण एवढंच, की चौकोनात एक आकडा टाकायचा होता.

दराचं मिटलं तोवर युनिटांचं निघालं. रात्री गाडी लावताना बॅटरी ३२ टक्के होती, सकाळी १००. वाढले ६८ टक्के. २४ युनिटांचे ६८ टक्के म्हणजे १६ पूर्णांक ३. खाली जाऊन सबमीटर वाचला. तो जमिनीपासून हातभर उंचीवर, स्कूटरच्या मागे आहे. वाचायचा तर फोनचा दिवा लावून उकिडवं बसावं लागतं. आकडा कालच्यापेक्षा १८ पूर्णांक ६ ने पुढे गेला होता. सव्वादोन युनिटं गेली कुठे? माझ्या मनात पहिला संशय आला तो शेजारच्या पार्किंगमधल्या इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याचा. तो बिचारा तेव्हा गावी गेला होता.

ह्यांनी मला गाडीच्या पुढच्या भागाजवळ नेऊन कान लावायला सांगितलं. आत बारीक घरघर चालू होती. पंप. भिंतीतून येते ती एसी वीज, बॅटरी घेते ती डीसी. बदल करणारं यंत्र गाडीच्या पोटात असतं. ते गरम होतं, त्याला थंड ठेवायला पंप चालतो, गाडीचा संगणक जागा राहतो, वायर कोमट होते. या सगळ्यांचं जेवण त्या सव्वादोन युनिटांत. आणि घरच्या सॉकेटवर गाडी रात्रभर सावकाश भरते, म्हणजे ही मंडळीही रात्रभर जागी. “सव्वादोन म्हणजे फार नाही,” ह्यांनी निर्वाळा दिला. “आमच्याकडे शंभराचा कोळसा जाळला तर पस्तीसची वीज निघायची.”

पण ॲपमध्ये ‘युनिटं’ असा एकच रकाना. बॅटरीत पडलेली टाकू की मीटरमधून गेलेली? बॅटरीतली टाकली तर गाडी युनिटाला पावणेआठ किलोमीटर देते असं दिसतं आणि ॲप हिरवा बाण दाखवून कौतुक करतं. मीटरमधली टाकली तर पावणेसात. मी मीटरमधली टाकते, कारण पैसे त्यांचे भरते. गाडीच्या पडद्यावर येणारा आकडा मात्र बॅटरीतलाच असतो, त्यामुळे गाडी घेतलेली मंडळी एकमेकांना जे ॲव्हरेज सांगतात ते ऐकताना मी आता मनातल्या मनात आठवा भाग वजा करते.

ॲपचा आणि माझा खरा कस लागला तो कल्याणला बहिणीकडे गेलो तेव्हा. तोपर्यंत गाडी नाशिकरोड सोडून फार लांब गेली नव्हती. जाताना इगतपुरीपर्यंत ठीक, शंभराचे त्र्याहत्तर झाले होते. कसारा घाट उतरायला लागलो आणि टक्के चढू लागले. त्र्याहत्तरचे चौऱ्याहत्तर, खाली पोचेपर्यंत पंचाहत्तर. मी चालवत होते, आणि समोरच्या ट्रकपेक्षा त्या आकड्याकडे जास्त बघत होते. ह्यांनी दोनदा हटकलं. उतारावर मोटरच जनित्र होऊन वीज तयार करते, बॅटरीत परत टाकते, हे वाचलेलं होतं, पण डोळ्यांदेखत आकडा वाढताना पाहणं वेगळं. याच घाटात रेल्वेला ही विद्या फार जुनी आहे. ब्रिटिश काळात जी.आय.पी. रेल्वेने १९२८च्या सुमारास आणलेली विजेची इंजिनं, ज्यांना लोक ‘खेकडा’ म्हणायचे, त्यांनाही उतारावर वीज तारेत परत देण्याची सोय होती. ह्यांना असल्या गोष्टी तोंडपाठ असतात.

आता ही दोन टक्के वीज, जवळजवळ अर्धं युनिट, ॲपमध्ये कुठे लिहू? मी भाबडेपणाने ते फुकटचं हिरवं बटण शोधत होते. ह्यांनी समजावलं की ही वीज फुकट नाही, घाटाच्या वर येताना आधीच मोजलेली आहे, आणि परत जाताना दामदुपटीने मोजावी लागणार आहे. तसंच झालं.

परतीच्या वाटेवर चार्जिंग करणं भाग होतं. महामार्गावर एका हॉटेलच्या आवारात दोन बंदुकांचं यंत्र उभं होतं. बंदूक म्हणजे चार्जरची केबल. सगळे तिला गनच म्हणतात, त्यामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा दचकायला होतं. गाडीत २६ टक्के. यंत्रावर पैसे घ्यायची सोय नव्हती. त्यांचं वेगळं ॲप घ्यायचं, नाव-नंबर द्यायचा, ओटीपी येईपर्यंत फोन हवेत धरून फिरायचं, मग त्यांच्या पाकिटात पैसे भरायचे. कमीत कमी पाचशे. मला लागणार होते चारशेच्या आत. दुकानदार म्हणाला असता की पाचशेचंच सामान घ्या, तर मी पायरी उतरले असते. इथे घाट समोर उभा होता.

पाचशे भरले. कोड स्कॅन केला. ‘गाडीशी संपर्क होत नाही.’ पुन्हा. ‘गाडीशी संपर्क होत नाही.’ हॉटेलचा वॉचमन खुर्ची सोडून आला. “मॅडम, आधी गन काढा. गाडी बंद करा, लॉक करा, परत उघडा. आता गन लावा, दाबून, टक् आवाज येईपर्यंत. मी इथून वजन धरतो. आता ॲपमधून सुरू करा.” सुरू झालं. त्याची स्वतःची गाडी म्हणजे सायकल होती. दिवसभर आमच्यासारख्यांना बघून तो शिकला होता. केबल जाड आणि जड असते, तिचं ओझं खाली लोंबलं की आतले पिन नीट बसत नाहीत, म्हणून पहिले काही क्षण हाताने उचलून धरायची, हे मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

ऐंशी टक्क्यांपर्यंत गाडी झरझर भरली. आमची मिसळ झाली, चहा झाला. मग वेग असा मंदावला की पुढच्या दहा टक्क्यांनी जीव खाल्ला. भरत आलेली बॅटरी जोराने वीज घेत नाही, तिला जपूनच द्यावी लागते, हे ह्यांनी सांगितलं. मागे एक गाडी येऊन थांबली, आतला माणूस खाली उतरून आमच्या पडद्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागला. ऐंशीला उठायचं हा इथला रिवाज आहे, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. पण नाशिकपर्यंत शंभरावर किलोमीटर आणि मध्ये घाटाची चढण. मी नव्वदपर्यंत बसले.

बिल आलं ते वाचून मला बरं वाटलं, कारण ते खरोखर बिल होतं. युनिटं १५ पूर्णांक ८. दर २१ रुपये. ३३१ रुपये ८० पैसे. त्यावर १८ टक्के जीएसटी, ५९ रुपये ७२ पैसे. एकूण ३९१ रुपये ५२ पैसे. घरी १६ टक्के वीज शुल्क आणि इथे १८ टक्के जीएसटी का, हेही मी नंतर पाहून घेतलं. चार्जिंग म्हणजे वीज विकणं नव्हे, सेवा देणं, असं केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०१८ साली स्पष्ट केलं. वीज विकायला परवाना लागतो, सेवा द्यायला लागत नाही. त्यामुळे हॉटेलवाल्यालाही यंत्र लावता येतं. सेवा म्हटली की तिच्यावर सेवेचा कर आलाच.

दुसरी एक गोष्ट मी त्या बिलात हेरली. बॅटरी ६४ टक्के वाढली, म्हणजे १५ युनिटं आणि थोडी वर. बिलात १५ पूर्णांक ८. फरक अगदी किरकोळ. घरी एवढ्याला साडेसतरा लागली असती. महामार्गावरच्या यंत्रात एसीची डीसी करण्याचं काम त्या कपाटात होतं, गाडीच्या पोटात नाही. तिथली गळती त्यांच्या माथी. म्हणजे पावणेपंचवीसचं सार्वजनिक युनिट आणि पावणेचौदाचं घरचं युनिट यांची सरळ तुलनाही करता येत नाही. घरच्यात पाणी जास्त आहे. ॲपला हे सांगायला जागा नाही; त्याने माझ्या नोंदीपुढे लाल बाण काढून ‘नेहमीपेक्षा महाग चार्जिंग’ असं लिहिलं आणि विषय संपवला.

आणि उरलेले १०८ रुपये ४८ पैसे? ते त्यांच्या पाकिटात पडून आहेत. मी माझ्या वहीत ‘येणे’ या बाजूला लिहिलेत, पण कधी येणार हे देवाला माहीत. नंतर दुसऱ्या रस्त्यावर दुसऱ्या कंपनीचं यंत्र लागलं, तिचं वेगळं ॲप, वेगळं पाकीट, वेगळी शिल्लक. हिशेबाच्या ॲपमध्ये फक्त गाडीत गेलेल्या विजेचे पैसे दिसतात. माझ्या खात्यातून गेलेले पैसे त्याहून जास्त आहेत. किरकोळ रकमा आहेत, मान्य. पतसंस्थेत अशाच किरकोळ रकमांच्या ठेवी वर्षानुवर्षं विचारणारं कुणी नसायचं, आणि त्यांची यादी किती लांब व्हायची ते मी पाहिलेलं आहे.

महिनाअखेर ॲप एक चित्र दाखवतं: झाड, आणि खाली ‘तुम्ही १३५ किलो कार्बन डायऑक्साइड वाचवला.’ मी ते कौतुकाने ह्यांना दाखवलं. ह्यांनी फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि खिडकीकडे बोट दाखवलं. आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. २१० मेगावॅटचे तीन संच, सगळे कोळशावर. “हे जे झाड आहे ना, त्याला सांग तिकडे बघायला.”

मग कागद घेऊन बसलो. जुन्या गाडीला ८८० किलोमीटरला ५८-५९ लिटर पेट्रोल लागलं असतं, लिटरमागे २ पूर्णांक ३ किलो धूर, म्हणजे १३५ किलो. ॲपचा हा अर्धा भाग बरोबर. पण त्याने विजेचा धूर शून्य धरला होता. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या हिशेबाने आपल्याकडे एका युनिटामागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आमच्या १३० युनिटांचा ९१ किलो. वाचले ४४. मी म्हटलं, पेट्रोल शुद्ध करून पंपावर आणेपर्यंत जे जळतं ते यात कुठे आहे? हे म्हणाले, मग कोळसा खाणीतून आणणाऱ्या मालगाडीचंही धर. तिथे थांबलो. एक तृतीयांश तर वाचतोच, आणि निदान बिटको चौकात सिग्नलला उभं असताना आमच्या गाडीतून काही बाहेर पडत नाही. चव्वेचाळीस किलोलाही झाड काढायला हरकत नाही. जरा लहान काढावं.

एवढं सगळं रुळलं असं वाटत असतानाच जुलै २०२५ मध्ये महावितरणचं दरपत्रक बदललं. मी नवं बिल आल्यावर त्याच पद्धतीने नवा दर काढला, ॲपमध्ये ‘होम रेट’च्या चौकोनात टाकला आणि सहज मागच्या महिन्यांचा आलेख उघडला. सगळे बदलले होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, सगळे. नवा दर त्याने मागच्या प्रत्येक नोंदीला लावून टाकला होता. माझ्या हातापायातलं बळच गेलं. मार्चअखेर बंद केलेली वही जुलैमध्ये कुणी उघडून आतले आकडे बदलले, तर आमच्याकडे त्याला काय म्हणत आणि त्यापुढे काय होई, ते मी इथे लिहीत नाही. भाचीला फोन केला. ती म्हणाली, “मावशी, सगळी ॲप्स अशी नसतात, पण हे असंच आहे. प्रत्येक चार्जिंगची रक्कम हाताने टाकलीस तर ती बदलणार नाही.”

आता तसंच करते. पण घरच्या चार्जिंगची रक्कम बिल आल्याशिवाय कळत नाही, आणि बिल येतं महिन्यानंतर. तोवर त्या नोंदींपुढे शून्य रुपये. महिनाभर ॲपच्या हिशेबी गाडी फुकट पळते, हिरवे बाण, शाबासकी. बिल आलं की मी एका बैठकीत सगळ्या रकमा भरते आणि ॲप एकदम हबकून खर्च वाढल्याचा इशारा देतं. त्याच्या इशाऱ्यांकडे मी लक्ष देत नाही. मूळ हिशेब वहीतच आहे. ॲप ठेवलंय ते किलोमीटर आणि टक्के तारखेवार सापडतात म्हणून, आणि ते काम ते चोख करतं. मागच्या हिवाळ्यात गाडी युनिटाला किती चालली हे मला वहीत शोधायला अर्धा तास लागला असता.

आता सोसायटीत टीओडी मीटर बसवायचं चाललंय. त्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत वापरलेल्या विजेला सवलत मिळते. आम्ही दोघं निवृत्त, गाडी दिवसभर खालीच, त्यामुळे सवलत आमच्यासाठीच काढल्यासारखी आहे. टप्प्यांचा दर तसाच राहणार आणि त्यातून वेळेची सवलत वजा होणार. माझा सबमीटर मात्र घड्याळ ओळखत नाही. नऊला आणि पाचला खाली जाऊन उकिडवं बसणं आलं. ॲपमध्ये दिवसाचा दर आणि रात्रीचा दर असे दोन चौकोन आहेत हे परवा सापडलं. टप्प्यांसाठी एकही नाही.

मीटर अजून बसायचाय. ह्यांनी मात्र आत्तापासूनच पोहे झाले की गाडी लावायला सुरुवात केली आहे, आणि त्या नोंदी दिवसाच्या चौकोनात टाकायच्या की रात्रीच्या, यावर आमचं एकमत झालेलं नाही.